हललेल्या फोटोतलं तेज

पिंपळगाव राजाच्या बसस्टँडसमोर त्या गुरुवारी इतकी गर्दी होती की खामगावची एसटी रस्त्यावरून नाही, लोकांच्या परवानगीनं पुढं सरकत होती. गर्दी पाहत होती एका वीस फुटी फ्लेक्सकडं. फ्लेक्सवर तुळशीराम महाराज खुर्चीत बसलेले. डोक्याभोवती पांढरंशुभ्र तेज. आणि उजव्या खांद्यातून निघालेले तीन हात: एक मांडीवर, एक छातीपाशी, एक आशीर्वादासाठी वर. तिन्ही हात किंचित पारदर्शक. वरच्या हातातून मागच्या दाराची कडी स्पष्ट दिसत होती.

"हातातून आरपार दिसून राह्यलं बे!"

"मंग? देवाचा हात हाय तो. तुह्यासारखा तंबाखू मळायचा थोडीच हाय."

एसटीचा कंडक्टर खाली उतरला, नारळ फोडला, खोबरं ड्रायव्हरला दिलं आणि घंटी वाजवली. ती घंटी देवासाठी होती की गाडीसाठी, हे ड्रायव्हरला कळलं नाही. गाडी आणखी पाच मिनिटं थांबली.

मी त्या गर्दीत उभा होतो आणि माझी अडचण एवढीच होती की तो फोटो मी काढला होता. आणि तो फसला होता.

माझं नाव कुशल. गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट आणि मयताच्या बातमीसाठी हसरा चेहरा, ही माझी चार कामं. मे महिन्यात पाचवं आलं. तुळशीराम महाराजांचा पट्टशिष्य जीवन, जो माझ्यासोबत दहावीला होता आणि माझ्याच पेपरात पाहून पास झाला होता, दुकानात येऊन म्हणाला, "महाराजाइचा एक भारी फोटो पाहिजे. खुर्ची दारात राहीन. मागून असा ऊन पडला पाहिजे, की पाहणारा खपला पाहिजे."

आश्रम म्हणजे गावाबाहेरचं टिनाचं शेड. महाराज होण्याआधी तुळशीराम जानेफळला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मोटारी बऱ्या होईनात, म्हणून ते माणसांकडं वळले. माणसाचा एक फायदा असतो. तो बरा नाही झाला तरी शेतकऱ्यासारखा मोटार घेऊन भांडायला परत येत नाही, लाजतो.

तर शेडमध्ये अंधार आणि मागच्या दारात मे महिन्याची दुपार. अशा ठिकाणी आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एकाच वेळी एकच जमतं. दार नीट यावं तर महाराज कोळसा. महाराज नीट यावेत तर दार चुन्यासारखं पांढरंफेक. यावर आमच्या धंद्यात उपाय आहे. एकाच जागेवरून लागोपाठ तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक मध्यम, एक उजळ. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक बसवून प्रत्येकातलं चांगलं तेवढं उचलायचं. याला एचडीआर म्हणतात. अट एकच. तिन्ही फोटो होईपर्यंत कॅमेरा हलता कामा नये आणि माणूसही.

कॅमेरा हलू नये म्हणून तीन पायांचं स्टँड असतं. माझं स्टँड त्या दिवशी लाऊडस्पीकरच्या खाली होतं. लाऊडस्पीकरचा स्वतःचा पाय मोडलेला, म्हणून जीवननं मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात माझं स्टँड उचललं, त्यावर भोंगा सुतळीनं बांधला आणि भजन लावलं. मी मागितलं तर म्हणाला, "देवाच्या कामाले लागलेली वस्तू काढता येत नाही. पाप लागते."

"अबे, मीपण देवाच्याच फोटोसाठी मागून राह्यलो."

"तुहा फोटो होईन कसाही. भजन बंद पडलं तर पब्लिक उठते."

म्हणून मी कॅमेरा हातात धरला. टक्, टक्, टक्. पहिल्या टक्ला महाराजांचा हात मांडीवर होता. दुसऱ्याला त्यांच्या नाकावर माशी बसली आणि हात छातीपर्यंत आला. तिसऱ्याला त्यांनी माशी उडवली. मधल्या वेळात माझाही हात हलला, कारण भोंगा माझ्या कानाशी होता.

दुकानात येऊन तिन्ही जोडले. 'हललेलं असेल तर सांभाळून घे' असं कॉम्प्युटरला सांगायला एक छोटा चौकोन असतो, त्यात खूण करावी लागते. लोडशेडिंगला दहा मिनिटं होती, मी खूण केली नाही. वरून उजेडाचे सगळे काटे शेवटपर्यंत ओढले. तसं केलं की गडद माणूस आणि भगभगीत दार यांच्या सीमेवर सॉफ्टवेअर गोंधळतं आणि डोक्याच्या कडेनं पांढरा पट्टा उमटतो. आमच्यात त्याला चूक म्हणतात. मी जीवनला पाच फोटो पाठवले, चार साधे, बरे. आणि हा पाचवा चुकून बोट लागून गेला. जीवननं पाचवा निवडला.

हे सगळं मी फ्लेक्ससमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं. माशीसकट.

एक म्हातारे बाबा खूप शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, खूण तुह्याकून काऊन नाही झाली? त्याइनंच होऊ देली नाही." आणि ते माझ्या पाया पडले.

मी घरी जाऊन कॅमेऱ्यातले मूळ तीन फोटो काढले आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. म्हटलं, बघा, हे तीन वेगळे फोटो, प्रत्येकात उजवा हात एकच. दुसऱ्या दिवशी जीवननं ते तिन्ही छापून शेडच्या दारावर लावले. खाली लिहिलं: 'महाराजांची तीन रूपं'. काळपट फोटो म्हणे उग्र रूप. दुसऱ्यात नाकावर माशी दिसत होती. ती तीळ म्हणून खपली.

इथवर मला नुसता राग होता. राग आला की मी चहा पितो, दोन दिवसांत उतरतो. पण अडीच आठवड्यांनी मी फ्रीज उघडला आणि दारात सरस्वती आत्याच्या डोळ्याच्या औषधाची बाटली दिसली. तिचं सील फोडलेलं नव्हतं.

सरस्वती आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. आमच्याच घरी राहते, गावाला लागून तिचा वांग्याचा मळा आहे आणि बाजारात तिच्याशी भाव करायची हिंमत कोणी करत नाही. तिच्या डोळ्यात काचबिंदू. चार वर्षांपूर्वी खामगावच्या नीरजा डॉक्टरांनी तो धरला आणि समजावलं होतं, की यात नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ थेंब. आत्यानं चार वर्षांत एकदाही थेंब चुकवला नव्हता. घरच्या लग्नाच्या जेवणात पंगत थांबवून तिनं थेंब टाकले होते.

"आत्या, ही बाटली अजून कोरी कशी?"

"बंद केले थेंब. अठरा दिवस झाले."

"काऊन?"

"महाराज म्हणाले, तेजाच्या अन् तुमच्या मधात औषधाचं पाणी येऊन राह्यलं."

अठरा दिवस म्हणजे फ्लेक्स लागला त्या दिवसापासून. मी हिशेब लावला आणि माझ्या लक्षात आलं, की आत्याचे थेंब महाराजांनी नाही, माझ्या फोटोनं बंद केले होते.

"आत्या, तो फोटो मी काढला. हात हालला माहा. माशी होती."

"तू काढला म्हणून तर विश्वास बसला! तुह्याकून एवढं चांगलं काम आपोआप होत नाही."

हे मात्र खरं होतं.

तोवर आश्रमात 'तेजोदर्शन' सुरू झालं होतं. शेडमध्ये फ्लेक्सची छोटी आवृत्ती लावलेली. बाजूला चुना दिलेली भिंत. महाराज माईकवर सांगायचे, "फोटोकडं एकवीस श्वास पाहा. पापणी लवली तर पुन्हा एकपासून. मंग भिंतीकडं पाहा, मी तिथं येतो. हे व्हायब्रेशन हाय. मोठमोठे शास्त्रज्ञ याच्या मागं लागले, पण त्याइले नेटवर्क भेटत नाही. काऊन की टॉवर इथं हाय!" असं म्हणून स्वतःच्या टाळूवर टिचकी मारायचे. माईकमधून ती टिचकी टिनावर गारा पडल्यासारखी वाजायची. लोक भिंतीकडं पाहायचे आणि खरंच, भिंतीवर महाराजांची आकृती तरंगायची. मलाही दिसली. मी चिडून पुन्हा पाहिली. पुन्हा दिसली.

मी धम्मरत्न सरांकडं गेलो. ते शाळेत विज्ञान शिकवतात. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तू सांगतोस, ते ऐकत नाहीत. मग सांगू नको. तोच चमत्कार दुसऱ्या कुणावर करून दाखव. जिच्यात काही दैवी नाही अशा गोष्टीवर."

मी गावात दैवी नसलेली गोष्ट शोधली. कलाबाईचा बोकड. हा बोकड तहसीलच्या कागदांपासून लग्नाच्या पत्रिकांपर्यंत सगळं खातो आणि कुणाच्या बापाला भीत नाही. त्याला दारात उभं केलं, मागून ऊन, कॅमेरा हातात, टक् टक् टक्. बोकड मधल्या वेळात मान हलवून दोन पावलं पुढं आला. निकाल उत्कृष्ट लागला. दोन डोकी, सात पाय आणि शिंगांभोवती झगझगीत तेज. मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'हा बोकड आहे. हा फोटो हललेला आहे. महाराजांचा फोटोही असाच हललेला आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई दारात उभी.

"कुशल! काय करून ठेवलं बे तू? लोक माह्या बोकडाले कुंकू लावून राह्यले. एक बाई त्याच्या सात पायाइले हात लावाले आली, चारच सापडले तर मलेच बोलली, बाकीचे कुठी ठेवले म्हणून!"

दुपारी जीवन बोकडाला आश्रमात घेऊन गेला. महाराजांनी माईकवर जाहीर केलं, की तेज आता जनावरांतही उतरलं. बोकडानं तेवढ्या वेळात महाराजांचा हार खाल्ला. लोक म्हणाले, प्रसाद घेतला.

मी सरांना म्हटलं, "सर, आता मी एखाद्या दगडाचा काढतो."

"नको," सर घाईघाईनं म्हणाले. "दगडाचा तर अजिबात नको."

आणि मग ती कोरी बाटली सापडल्याच्या सातव्या दिवशी सकाळी आत्या अंगणात दात घासताना सहज म्हणाली, "मले तर आता फोटोकडं पाह्यचीबी गरज नाही. काल सांजेले बलब लावला, तर बलबाभोवती तेज. गोल. सात रंगाचं. मोटरसायकलच्या लाईटीभोवतीबी. महाराज म्हणाले, अशी पायरी कोणालेच भेटली नाही. आज चार वाजता माहा सत्कार हाय. 'प्रथम तेजधारी' म्हणून."

"अन् डोकं?"

"डोकं दुखते थोडं. तेज मावून नाही राह्यलं म्हणून."

मी नीरजा डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं नाही. "दिव्याभोवती रंगीत कडं? आणि डोकेदुखी? कुशल, डोळ्यातला दाब वाढलाय. दाब वाढला की बुबुळाच्या काचेला सूज येते, म्हणून कडं दिसतं. आजच आणा. उद्या नाही, आज. तासागणिक नजर जाते."

आत्याला सांगितलं. आत्या लुगडं इस्त्री करत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी हार घालणार होतं. एरवी हार ती विकते, वांग्याच्या शेजारी टोपलीत, दहाला एक.

"हार घालून घेऊ दे. मंग पाहू."

"आत्या, नजर गेली तर परत येत नाही, तूच सांगत होती ना सगळ्याइले!"

"ते तेज दिसायच्या आधी."

मी तिला उचलून नेलं असतं, पण ती माझ्यापेक्षा वजनदार आहे आणि तिच्या हातात इस्त्री होती. मी सरांना सांगितलं, त्यांचं डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, आणि दुपारी तीनलाच कॅमेरा, लॅपटॉप घेऊन आश्रमात गेलो. कारण जीवननंच बोलावलं होतं. त्याला आत्याचा फोटो हवा होता. "तसाच पाहिजे. महाराजाइसारखा. तेजवाला."

"किती हाताचा?"

"अं?"

"हात किती पाहिजे, आत्ताच सांग. तीन, चार, पाच? चारच्यावर बसणाऱ्याले जरा कसरत करा लागते."

जीवनला वाटलं मी चेष्टा करतोय. मी ऑर्डर घेत होतो.

चार वाजले. शेड गच्च. आत्या नव्या लुगड्यात, महाराजांच्याच खुर्चीत, दारात. मी लॅपटॉप आश्रमाच्या मोठ्या टीव्हीला जोडला, ज्यावर एरवी महाराजांचे रील चालतात. धम्मरत्न सर पुढं आले आणि माईक त्यांनी इतक्या सहज घेतला की महाराजांना वाटलं ते सत्काराचेच पाहुणे.

"आत्याबाई," सर म्हणाले, "कुशल तीनदा टक् करेल. पहिल्या टक्ला हात मांडीवर. दुसऱ्याला छातीशी. तिसऱ्याला वर. बस."

टक्. टक्. टक्. कॅमेरा हातातच. मी सगळ्यांसमोर तिन्ही फोटो एकावर एक टाकले, खुणेचा चौकोन रिकामा ठेवला, काटे शेवटपर्यंत ओढले. टीव्हीवर आत्या उमटली. तीन उजवे हात, आरपार, आणि डोक्याभोवती महाराजांपेक्षा चांगलं तेज, कारण या वेळी भजन बंद होतं.

शेडमध्ये एकच आवाज उठला. महाराज हुशार. त्यांनी लगेच दुसरा माईक ओढला. "माही कृपा! माह्या खुर्चीत बसली म्हणून!"

"बरोबर," सर म्हणाले. "मग आता महाराजच बसू द्या. कृपेचं मूळ तेच. फक्त हात हलवायचा नाही आणि कॅमेरा स्टँडवर. जीवन, स्टँड दे."

"देवाच्या कामाले लागलं हाय ते..."

"हेही देवाचंच काम आहे. भोंगा तू धर."

गर्दीतून "हाव, हाव, पाहू दे" झालं. जीवननं सुतळी सोडली आणि पुढचा सगळा वेळ तो अकरा किलोचा भोंगा छातीशी कवटाळून उभा राहिला. महाराज बसले. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? स्टँडवर कॅमेरा, टक् टक् टक्. या वेळी मी खूण केली आणि काटे जागच्या जागी ठेवले. टीव्हीवर आले एक साठीतले गृहस्थ. दोन हात. सदऱ्याचं बटण एक घर चुकलेलं. मागं दार, दारात ऊन, उन्हात बोकड. तेज शून्य.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. महाराज टीव्हीकडं पाहत राहिले. "एवढा म्हातारा दिसतो मी?" ते हळूच म्हणाले. माईक चालू होता.

सरांनी थांबू दिलं नाही. "आता भिंतीचं. सगळ्यांनी दाराबाहेरच्या त्या खताच्या जाहिरातीकडं पाहा. एकवीस श्वास. आता भिंतीकडं."

"अगं माय! युरियाची गोणी दिसून राह्यली!"

"एकाच जागी टक लावली की डोळा तिथं थकतो, मग पांढऱ्यावर तोच आकार उलट्या रंगात तरंगतो. महाराजांकडं पाहिलं तर महाराज, युरियाकडं पाहिलं तर युरिया. डोळा भेदभाव करत नाही."

लोक हसायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मी आत्याकडं पाहिलं.

आत्या हसत नव्हती. ती उभी राहिली. "म्हणजे तुमचं सगळ्याइचं खोटं निघालं," ती ठामपणे म्हणाली. "पण माहं तर फोटो न पाहता दिसते. भिंतबी लागत नाही. म्हणजे माहं खरं हाय."

आणि गर्दी पुन्हा तिच्याकडं वळली. महाराजांच्या चेहऱ्यावर रंग आला. एक बाई हात जोडून पुढं सरकली. मी कॅमेरा खाली ठेवला. कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि सगळ्यात जवळ मीच होतो.

सरांचा फोन वाजला. नीरजा डॉक्टर. सरांनी तो स्पीकरवर टाकून माईकला लावला.

"आत्याबाई, अजून निघाला नाहीत? ऐका. तुमचं खरं आहे. तुम्हाला खरंच दिसतंय, तुम्ही खोटं बोलत नाही. पण ते बाहेर नाही, तुमच्या डोळ्यात आहे. सूज आहे ती. सर, मी सांगितलं होतं तसं कराल?"

सर आत्यासमोर बसले. "डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडं पाहा, नजर हलवू नका. आता माझी बोटं मोजा."

"कायचे बोटं?"

सरांचा हात तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला, जरा पुढं, दीड हातावर होता. पाची बोटं ते हलवत होते. शेडमधल्या प्रत्येकाला दिसत होती.

"कायचे बोटं, सर? हात तर काढा."

मघाची बाई जोडलेले हात सोडून मागं सरली. सरांनी हात हळूहळू समोर आणला. तो जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा आत्या दचकली. "हा कुठून आला?"

"इथंच होता," सर म्हणाले.

आत्यानं दुसऱ्या डोळ्यावरचा हात काढला. तिनं मान वळवून ती रिकामी बाजू पाहिली, मग लोकांचे चेहरे. मग तिची नजर टीव्हीवर गेली. आधी दाखवलेला तिचा फोटो मी परत लावला होता, मुद्दाम नाही, बोट लागून. तीन हातांची सरस्वती आत्या, तेजाच्या गोलात.

तिनं बोटानं तिन्ही हात मोजले.

"तीन हात देले मले," ती म्हणाली. "अन् अठरा अन् सात, पंचवीस दिवसात एकानंबी थेंब नाही टाकला."

मग माझ्याकडं वळून, नेहमीच्या बाजारातल्या आवाजात, "उभा काय राह्यला पोट्ट्या? गाडी काढ."

जीवन हार घेऊन मधे आला, म्हणजे येऊ पाहत होता, हातात भोंगा असल्यामुळं त्याला हार दातात धरावा लागला. आत्यानं तो काढून बोकडाला दिला.

खामगावपर्यंत माझ्या मोटरसायकलवर, समोरून लाईट लावलेल्या गाड्या आल्या की ती मागून विचारायची, "आता गोल दिसला का तुले?" मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, "मले दिसला." आश्रमात ती हे अभिमानानं सांगायची. गाडीवर तिनं माझा शर्ट धरला होता, आणि प्रत्येक लाईटीला तो आणखी घट्ट होत होता.

त्या संध्याकाळी गोळ्या, थेंब आणि दोन दिवसांनी लेसर झालं. दाब उतरला. दिव्याभोवतीची कडी गेली. डाव्या डोळ्याचं सगळं वाचलं. उजव्याची कडेची नजर, त्या पंचवीस दिवसांत गेली तेवढी, गेली. डॉक्टर म्हणाल्या, थेंब चालू असते तर बहुतेक राहिली असती. आता आत्या वांगी तोलताना मान पूर्ण उजवीकडं वळवते, तेव्हा कुठं तिला काटा दिसतो. गिऱ्हाइकांना वाटतं ती त्यांच्यावर रागावली आहे. कधीकधी असतेही.

महाराज जानेफळला परतले. मोटारी अजून बऱ्या होत नाहीत, पण निदान शेतकरी भांडायला येतात. फ्लेक्स कलाबाईनं जनावरांच्या कुटाराच्या, म्हणजे चाऱ्याच्या, ढिगावर झाकायला नेला. बोकडानं त्यातले दोन हात खाल्ले, आता महाराजांचा हिशेब बरोबर जुळतो.

मी अजून चिडलेला आहे. महाराजांवर कमी. मी माझ्या तोंडानं, माझा कॅमेरा हातात घेऊन, माझी चूक सांगत होतो आणि चूक मान्य करायला गावात मी एकटाच तयार होतो, यावर जास्त. आपल्याला एखादी गोष्ट कळली नाही, तर 'मला कळलं नाही' एवढं म्हणून थांबता येतं. लगेच नारळ फोडायची गरज नसते. विचारायचं. हे कसं झालं? परत करून दाखव. माझ्यासमोर, स्टँडवर ठेवून. जे खरं असेल ते स्टँडवरही टिकेल.

चालू औषध कुणाच्याही फोटोवरून बंद करू नका, फोटो कितीही भारी असला तरी. दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं तर हात जोडायच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, त्याच दिवशी. आणि कुणाच्या फोटोत तीन हात दिसले तर आधी फोटोग्राफरला गाठा. तो तिथंच कुठंतरी असेल, भोंग्याखाली आपलं स्टँड शोधत.